'रॉकेट गर्ल्स': हसत-खेळत मांडलेलं वजनाचं गणित

मृगशीर्ष

'रॉकेट गर्ल्स' ही बारा भागांची ॲनिमे मालिका २००७ मध्ये जपानमध्ये आली. होसुके नोजिरी यांच्या १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे. इथे तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं सापडलं नाही, आणि अवकाशाची आवड असलेल्या प्रत्येकाने ती बघावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

मालिका हलकीफुलकी आहे. युकारी मोरिता नावाची योकोहामाची शाळकरी मुलगी हरवलेल्या वडिलांच्या शोधात सॉलोमन बेटांवर जाते. तिथे एका छोट्या जपानी संस्थेने अवकाशतळ थाटलेला असतो. संस्थेचं मोठं रॉकेट, एलएस-७, काही केल्या नीट उडत नाही. धाकटं एलएस-५ भरवशाचं आहे, पण त्याची ताकद कमी. मग अंतराळवीराने वजन उतरवावं असा हुकूम निघतो, आणि उपासमारीला कंटाळून तो बिचारा पळून जातो! त्याच्या मागावर निघालेल्या मंडळींच्या तावडीत लहान चणीची, हलकी युकारी सापडते. वडिलांना शोधायला मदत करतो, त्या बदल्यात तू रॉकेटमध्ये बस, असा सौदा ठरतो.

वरवर हा पोरखेळ वाटतो. पण कक्षेत पोचायचं तर, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध धरून, सेकंदाला साधारण ९.३ किलोमीटर इतकी वेगवाढ लागते. इंजिनातले वायू सेकंदाला ३ किलोमीटरने बाहेर पडतात असं धरलं, तर त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे उडतानाचं वजन कक्षेत पोचणाऱ्या वजनाच्या २२ पट निघतं. त्या पोचलेल्या वजनातही रिकाम्या टाक्या आणि इंजिनं आलीच. माणसाच्या वाट्याला येतो तो त्यातला तुकडा. म्हणजे वर कुणाला पाठवायचं हे ठरवताना वजनकाट्याचं मत आधी विचारावं लागतं. या मालिकेने तेवढी एक गोष्ट पकडली आणि बाराही भाग ती सोडली नाही. त्यातले पळापळीचे, भांडणाचे, उपासाचे विनोद सगळे या २२ च्या आकड्यातून निघतात. मोठमोठ्या गंभीर अवकाशपटांतही मला इतकं प्रामाणिक विज्ञान क्वचित दिसलंय. तिथे यान झोकात वळतं, इंधनाचा हिशेब कुणी विचारत नाही.

तुमचं मत सांगा. न पटलेल्या गोष्टीही सांगा.

साबुदाणा

वाखूसा (वाचनखूण साठवली). मालिका बघितलेली नाही, पण पळून गेलेल्या अंतराळवीरासाठी तरी बघणार.

गणितमास्तर

मृगताई, धागा फार आवडला. मात्र मूळ कल्पनेवर एक शंका आहे, आणि ती आकड्यांतच मांडतो.

अमेरिकेचं मर्क्युरी यान घ्या. कक्षेतलं वजन सुमारे १,३६० किलो, आत एक माणूस. त्याला वर नेणारं ॲटलस रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे १२० टनांचं. म्हणजे वर गेलेल्या दर किलोमागे जमिनीवर ८८ किलो. आता ६५ किलोच्या माणसाऐवजी ४५ किलोची मुलगी बसवली तर वाचले २० किलो, यानाच्या वजनाचा दीड टक्का. एवढ्यासाठी अख्खा कार्यक्रम एका शाळकरी मुलीच्या हवाली करायचा? हे काही पटत नाही.

पण वजन सोडून उंची बघितली की चित्र पालटतं. पावणेदोन मीटरच्या माणसाऐवजी दीड मीटरच्या माणसासाठी यान बांधायचं ठरवा. लांबी, रुंदी, उंची सगळं त्याच प्रमाणात कमी केलं तर पृष्ठभाग ७३ टक्क्यांवर येतो. उष्णतारोधक कवच, भिंती, आसन यांचं वजन पृष्ठभागाबरोबर उतरतं. यानाचं निम्मं वजन अशा गोष्टींचं आहे असं मानलं तर १८० किलो वाचतात आणि जमिनीवर जवळपास १६ टन. आता एलएस-५ चालण्याची शक्यता दिसते.

म्हणून माझ्या मते मालिकेची कल्पना भक्कम आहे, पण तिचा खरा आधार मुलीच्या बुटकेपणात आहे. गागारिनची उंची १५७ सेंटिमीटर होती हे विसरू नका.

शमा_ठाणे

मास्तर, यात आणखी एक भर. रशियाच्या सोयुझ यानात बसायला पूर्वी उंचीची दोन्हीकडून मर्यादा होती, १६४ ते १८२ सेंटिमीटर. नव्वदीच्या दशकात रशियाच्या मीर अवकाश स्थानकावर जाण्यासाठी निवडलेले नासाचे स्कॉट पॅराझिन्स्की उंच म्हणून बाद झाले आणि वेंडी लॉरेन्स बुटक्या म्हणून! पुढे नासाच्या मंडळींना बसता यावं म्हणून आसनं आणि आतली रचना बदलून सोयुझ टीएमए बनवलं, ते २००२ मध्ये उडालं. म्हणजे यान एका मापाचं झालं की ते माप माणसं निवडायला लागतं. युकारीची निवड नेमकी अशीच झाली आहे.

आणि मुलींनाच का, याचाही इतिहास आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. लव्हलेस यांनी आपल्या खाजगी दवाखान्यात वैमानिक स्त्रियांच्या त्याच तपासण्या केल्या, ज्या मर्क्युरीच्या पुरुषांच्या झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: बाई वजनाने हलकी, तिला ऑक्सिजन कमी लागतो, जागा कमी लागते. तेरा जणी त्या तपासण्यांत उतरल्या. पुढच्या चाचण्या १९६१ मध्ये रद्द झाल्या, १९६२ मध्ये प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गेलं, आणि तिथेच थांबलं. सोव्हिएत संघाने १९६३ मध्ये तेरेश्कोव्हाला पाठवलं. त्या तेरा जणींपैकी वॉली फंक २०२१ मध्ये अवकाशाच्या उंबरठ्यावर जाऊन आल्या, वयाच्या ८२ व्या वर्षी.

मला ही मालिका आवडते ती यासाठीही. जो युक्तिवाद खऱ्या जगात फायलीत बंद झाला, तो इथे उड्डाणतळावर उभा राहतो.

कोकणकडा

+१. तेरा जणींची माहिती नवीन होती, धन्यवाद.

वैद्यबाई

माझा प्रतिसाद पोशाखाबद्दल. मालिकेतला अवकाशपोशाख अंगाला घट्ट बसणारा, कातडीसारखा आहे. बघणाऱ्याला वाटतं, ही चित्रकाराची हौस. त्यामागे खरं शरीरशास्त्र आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेहमीचा अवकाशपोशाख म्हणजे आतून हवा भरलेली पिशवी. बाहेर निर्वात असल्याने ती फुगते आणि ताठ होते. हाताची मूठ वळायची तरी हवेशी झुंजावं लागतं. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह माणसांत पहिल्यांदा यानाबाहेर पडले, तेव्हा पोशाख इतका फुगला की परत दारातून आत शिरता येईना. शेवटी त्यांनी आतला दाब कमी केला, तेव्हा जमलं. अवकाश स्थानकावर अमेरिकी बाजूचे लोक वापरतात त्या पोशाखाचा दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवलेला असतो. त्याचंही कारण हेच: जास्त दाब म्हणजे जास्त ताठरपणा. शिवाय तो पोशाख त्याच्या पाठीवरच्या यंत्रणेसकट शंभर किलोच्या पुढे जातो.

आता शरीराला नेमकं काय लागतं ते बघा. फुप्फुसाला पुरेशा दाबाचा ऑक्सिजन लागतो. त्वचेला हवा लागत नाही, तिला बाहेरून फक्त दाब लागतो, आणि तो कापडानेही देता येतो. पॉल वेब या डॉक्टरांनी साठीच्या दशकात नेमकं हेच मांडलं. घट्ट ताणल्या जाणाऱ्या कापडाचे थर, डोक्याला शिरस्त्राण, श्वासाला ऑक्सिजन. नासाच्या मदतीने त्यांनी असा पोशाख बनवला आणि माणसाला तो घालून निर्वात कक्षात तपासला. फायदे मोठे होते: हालचाल सोपी, घाम कापडातून थेट उडून जातो म्हणून अंग थंड ठेवायला वेगळी यंत्रणा नको, आणि कुठे फाटलं तर सगळी हवा निघून जाण्याची भीती नाही. पुढे एमआयटीमध्ये डेव्हा न्यूमन यांनी या कल्पनेवर बरंच काम केलं.

अडचण आहे ती शरीराच्या खोलगट भागांची. काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, तळहात. ताणलेलं कापड तिथे उंचावरून उंचावर जातं, मधे दाब पोचत नाही, आणि दाब नाही तिथे रक्त आणि पाणी साचून सूज येते. जोसेफ किटिंजर यांनी १६ ऑगस्ट १९६० रोजी फुग्यातून ३१ किलोमीटर उंची गाठली, तेव्हा उजव्या हातमोज्यात दाब भरला गेला नव्हता. हात सुजून निकामी झाला, दुखला, पण खाली आल्यावर काही तासांत पूर्ववत झाला. उरलेल्या अंगावर दाब होता म्हणून ते वाचले.

तेव्हा मालिकेतला पोशाख आजही कुणी प्रत्यक्ष अवकाशात वापरलेला नाही, तरी त्यात शास्त्राला सोडून काहीही नाही. आणि पुन्हा मुद्दा वजनाचाच! हलका पोशाख हवा म्हणून तो घट्ट.

दुसरीकडे प्रशिक्षणाचा काळ मात्र मला अजिबात पटला नाही. गागारिनच्या तुकडीचं प्रशिक्षण वर्षभराहून जास्त चाललं. सोळा वर्षांच्या मुलीला थोडक्या दिवसांत अपकेंद्री यंत्रात गरगरवून वर पाठवणं डॉक्टर म्हणून मी कधीच मान्य केलं नसतं. संमतीचा प्रश्न तर वेगळाच. तो मालिका विचारतही नाही.

मृगशीर्ष

वैद्यबाई, फार सुंदर प्रतिसाद. काखेचा आणि लवणीचा मुद्दा मला माहीत नव्हता. प्रशिक्षणाच्या काळाबद्दल सहमत. बारा भागांत बसवायचं म्हणून तो आक्रसला आहे, आणि तिथे विज्ञान गोष्टीपुढे झुकलं आहे.

कोकणकडा

मला एक विचारायचंय. सॉलोमन बेटंच का? विषुववृत्ताजवळून रॉकेट सोडलं की फायदा होतो हे शाळेपासून ऐकलंय, पण किती?

गणितमास्तर

विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग पूर्वेकडे सेकंदाला ४६५ मीटरने फिरतो. त्याला अक्षांशाच्या कोज्याने गुणा. ग्वादलकनाल साधारण साडेनऊ अंश दक्षिणेला, तिथे ४५८ मीटर. जपानचं तानेगाशिमा ३०.४ अंशांवर, तिथे ४०१. आपलं श्रीहरिकोटा १३.७ अंशांवर, तिथे ४५२. तानेगाशिमा सोडून सॉलोमनला गेल्याने मिळाले सेकंदाला ५७ मीटर. वरच्याच सूत्रात घाला: उड्डाणाच्या वजनात सुमारे दोन टक्क्यांची बचत. जवळच्या कक्षेसाठी एवढंच. विषुववृत्ताच्या डोक्यावर राहणाऱ्या भूस्थिर उपग्रहांना फायदा बराच जास्त, कारण कक्षेचा कल वळवायला लागणारं इंधन वाचतं.

दोन टक्क्यांसाठी कुणी समुद्र ओलांडून जाणार नाही. दुसरं काही कारण असलं पाहिजे.

त्सुकुबाकर

मास्तर, दुसरं कारण जमिनीवरचं आहे. मी जपानमध्ये त्सुकुबाला राहते, जाक्सा या जपानी अवकाशसंस्थेचं केंद्र याच गावात आहे, त्यामुळे हे इथे कानावर येत राहतं. तानेगाशिमाच्या आसपासचा समुद्र मासेमारीचा. रॉकेटचे टप्पे समुद्रात पडतात, म्हणून अनेक वर्षं मच्छीमार संघटनांशी ठरलेल्या करारानुसार वर्षातले ठरावीक दिवसच उड्डाणाला मिळायचे. नव्या, सतत चुकत शिकणाऱ्या रॉकेटला असं वेळापत्रक जाचक ठरतं. दूरच्या बेटावर तळ हलवण्यात जपानी प्रेक्षकाला नवल वाटत नाही ते यामुळे.

एलएस-७ वारंवार फुटतं हेही जपानी मनाला लागून येतं. अभियंते इतोकावा यांनी १९५५ मध्ये कोकुबुंजीला २३ सेंटिमीटरचं पेन्सिल रॉकेट उडवलं, तिथून जपानच्या रॉकेटांची सुरुवात झाली. उपग्रह सोडायला बनवलेलं लॅम्डा-४एस १९६६ ते १९६९ दरम्यान चार वेळा अपयशी झालं. पाचव्यांदा, ११ फेब्रुवारी १९७० रोजी, २४ किलोचा 'ओसुमी' कक्षेत गेला. पुढे एच-२ या रॉकेटची १९९८ आणि १९९९ ची उड्डाणं लागोपाठ फसली. दुसऱ्या अपयशाचं कारण शोधायला त्यांनी समुद्राच्या तळातून, सुमारे तीन किलोमीटर खोलीवरून, इंजिन वर काढलं! कादंबरी त्याआधीची, मालिका त्यानंतरची. २००७ मध्ये ती बघणाऱ्या माणसाला फुटणारं रॉकेट नुसता विनोद वाटला नसणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जपानने स्वतःच्या रॉकेटने आजवर एकही माणूस वर पाठवलेला नाही. १९९० मध्ये पत्रकार अकियामा सोयुझमधून गेले, मग १९९२ मध्ये मामोरु मोहरी आणि १९९४ मध्ये चिआकी मुकाई अमेरिकी शटलमधून. सगळे दुसऱ्याच्या गाडीने. युकारी स्वदेशी रॉकेटने जाते. त्या हसऱ्या मालिकेत ही जुनी आस भरलेली आहे, आणि म्हणूनच तिला गणित नीट करावं लागलं. ज्या स्वप्नावर खरोखर जीव जडलाय ते कुणी जादूच्या इंजिनावर बसवत नाही.

शमा_ठाणे

त्सुकुबाकर, शेवटचं वाक्य खूप आवडलं. लॅम्डाचं वाचून आपलं एसएलव्ही-३ आठवलं. ऑगस्ट १९७९ मध्ये बंगालच्या उपसागरात पडलं, जुलै १९८० मध्ये रोहिणीला घेऊन वर गेलं.

साबुदाणा

चार भाग बघून झाले, पुढचेही लागोपाठ बघितले. मस्त आहे. पण यान थेट युकारीच्याच जुन्या शाळेच्या तळ्यात येऊन पडतं, हे जरा अती झालं. सगळ्या जपानात तेच तळं सापडलं?

गणितमास्तर

तळं सापडणं हा लेखकाचा हक्क. चुकून भलतीकडे उतरणं मात्र अगदी खरं आहे. जवळच्या कक्षेत यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. परतीचं इंजिन एक सेकंद उशिरा पेटलं तर उतरण्याची जागा साधारण तेवढीच पुढे सरकते. ठाण्याला उतरायचा माणूस कळव्याच्याही पुढे जातो. कवचाचा कोन थोडा चुकला तर शेकडो किलोमीटरचा फरक.

लिओनोव्ह यांचं यान वोसखोद-२ मार्च १९६५ मध्ये ३८६ किलोमीटर चुकलं आणि उरल पर्वताच्या बाजूच्या बर्फाळ जंगलात उतरलं. लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह यांनी तिथे थंडीत रात्री काढल्या. आणि तळ्याचाच विषय निघालाय तर सोयुझ-२३ बघा: १६ ऑक्टोबर १९७६, कझाकस्तान. रात्रीची वेळ, कडाक्याची थंडी, आणि यान उतरलं ते अर्धवट गोठलेल्या तेंगिझ सरोवरात. सकाळी हेलिकॉप्टरने त्याला ओढत काठावर आणेपर्यंत झुदोव्ह आणि रोझ्देस्तव्हेन्स्की आत अडकून होते. तळ्यात यान पडणं एकदा खरोखर घडलेलं आहे.

साबुदाणा

हे माहीत नव्हतं. तळ्याबद्दलची तक्रार मागे.

शमा_ठाणे

माझी एक तक्रार मात्र मागे घेण्यासारखी नाही. रॉकेटबद्दल इतका काटेकोर असलेला लेखक सॉलोमन बेटांच्या माणसांबद्दल तितका काटेकोर नाही. मात्सुरी, म्हणजे युकारीची बेटावरची सावत्र बहीण, आणि तिची टोळी म्हणजे जंगल, मंत्रतंत्र, भाले आणि नाच. हा देश १९७८ पासून स्वतंत्र आहे, होनिआरा ही राजधानी आहे, तिथे शाळा, बाजार, वर्तमानपत्रं आहेत. १९४२-४३ मध्ये याच ग्वादलकनालवर जपान आणि अमेरिका सहा महिने लढले आणि तिथल्या लोकांनी ते भोगलं. जपानी संस्था तिथे तळ बांधते आणि गावकऱ्यांना त्यातलं काही आठवत नाही? वास्तववाद मोजायचा तर मला हाही भाग मोजावा लागतो. मात्सुरी हुशार आहे, धाडसी आहे, तिच्यावर मालिकेचं प्रेम आहे हे दिसतं. तिचं गाव मात्र कुठल्या तरी जुन्या साहसकथेतून उचललेलं आहे.

मृगशीर्ष

शमा, पूर्ण पटलं. मंत्रतंत्राची दृश्यं मलाही खटकली होती, पण ती विज्ञानाच्या विरोधात आहेत एवढ्याच कारणाने. तुम्ही म्हणता तो आक्षेप त्याहून मोठा आहे.

उत्तरार्धाबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. प्लुटोकडे निघालेलं ऑर्फियस नावाचं यान अडकतं आणि मुलींना ते दुरुस्त करायला जावं लागतं. कादंबरी नव्वदीच्या दशकातली. खरं न्यू होरायझन्स जानेवारी २००६ मध्ये निघालं आणि १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेलं. मालिका आली तेव्हा ते यान वाटेवर होतं. या भागात मला आवडली ती आकाने. शाळेतली हुशार, शरीराने नाजूक मुलगी. पण कक्षेत ताकदीपेक्षा डोकं शांत ठेवून हिशेब करणं उपयोगी पडतं, हे तिच्यामुळे दिसतं.

हाताने यान दुरुस्त करणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल, म्हणून मे १९९२ ची एन्डेव्हर या अमेरिकी शटलची पहिली फेरी सांगते. इंटेलसॅट-६ हा चार टनांहून जड उपग्रह चुकीच्या कक्षेत अडकला होता. त्याला धरायला खास बनवलेला दांडा बसेना. शेवटी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर आले, गोल करून उभे राहिले आणि त्यांनी तो हातमोज्यांनी धरला. त्याआधी तिघे एकदम कधी बाहेर पडले नव्हते.

वैद्यबाई

मृगताई, त्या तिघांचे हात किती दुखले असतील याचा विचार करतेय. फुगलेल्या हातमोज्यांनी बोटांची नखं निघतात, हे अंतराळवीरांमध्ये नोंदलं गेलेलं दुखणं आहे. घट्ट पोशाखाचा हातमोजा जमला तर पहिला फायदा बोटांना होईल. पण तळहाताची खोलगी आहेच.

कोकणकडा

मास्तर, उंचीचं गणित दोन माणसांच्या यानाला लावलं तर काय होतं? मात्सुरी आणि युकारी एकत्र जातात तेव्हा एलएस-५ पुरेल का?

गणितमास्तर

जेमिनी घ्या. दोन माणसं, यान मर्क्युरीच्या अडीच पटीच्या आसपास जड, सुमारे साडेतीन टन. माणसं दुप्पट पण वजन दुपटीहून जास्त, कारण तिथे कक्षा बदलायची यंत्रणा आणि जास्त दिवसांचा शिधा आला. तुमच्या दोघींचा मुक्काम किती दिवसांचा आहे ते भागातून बघून सांगा, मग दिवसाला माणशी ८०० ग्रॅमच्या वर ऑक्सिजन आणि त्यावर पाणी धरून हिशेब मांडू.